आजीचं घर, पण कोणाच्या नावावर?

"आई, हे तुझं घर," असं म्हणून माझ्या मुलीने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

गेल्या वर्षीची गोष्ट. तीन महिन्यांसाठी मी तिच्याकडे सिडनीला गेले होते. शहराच्या पश्चिमेला तिने आणि जावयांनी प्लॉट घेतला आहे, तिथे नवं घर बांधायचं आहे. पुढे त्यांचं मोठं घर आणि मागे परसात एक छोटं, वेगळं घर. त्यात झोपायची खोली, बसायची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकाचा ओटा आणि स्वतःचा दरवाजा. तिकडे याला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. आपल्या भाषेत आजीचं बिऱ्हाड म्हणू या.

मी त्या नकाशाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. माझं वय ६८. एवढ्या आयुष्यात आतून कडी लावून बसता येईल अशी माझी एकटीची खोली कधी नव्हती. लग्नाआधी पाच भावंडांत, लग्नानंतर दोन खोल्यांत. मुलगी लग्न होऊन गेली, नवरा गेला, तेव्हा घर रिकामं झालं. पण रिकामं घर आणि आपल्यासाठी म्हणून बांधलेलं घर यांत फरक असतो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

मग पैशाची गोष्ट निघाली. जावई म्हणाले, "आई, तुम्ही इकडे आलात की पुण्याचा फ्लॅट बंदच राहणार. तो विकला तर मागचं घर त्यातून होईल, आणि पुढच्या घराच्या कर्जाचाही बोजा थोडा हलका होईल." बोलणं सरळ होतं. कोणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आजही नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी लेकीविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन आले आहे. तसं नाही. मी एका कागदाबद्दल बोलणार आहे.

तीस वर्षं बायकांच्या केंद्रात बसून दुसऱ्यांचे कागद वाचले. रेशनकार्डं, सातबारे, मृत्युपत्रं, कोर्टाच्या नोटिसा. ती सवय गेली नाही. दुपारी सगळे कामाला, नात शाळेत. मी मुलीकडून नियम मागून घेतले आणि चष्मा लावून बसले.

सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथले नियम मोठे व्यवस्थित आहेत. एका प्लॉटवर एक मुख्य घर आणि एकच दुय्यम घर. दुय्यम घर साधारणपणे ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या मापात साडेसहाशे चौरस फुटांच्या आत. स्थानिक कौन्सिलच्या आराखड्यात परवानगी असेल तरच त्याहून मोठं. ते घराला जोडून, घराच्या आत किंवा वेगळं, कसंही असू शकतं. ठरलेल्या मापांत तंतोतंत बसलं तर कौन्सिलपुढे पूर्ण अर्ज करण्याची गरज नाही. सरकारमान्य खासगी तपासनीसही प्रमाणपत्र देऊ शकतो. मात्र त्यासाठी प्लॉट किमान ४५० चौरस मीटरचा आणि १२ मीटर रुंद हवा. बाजूला ०.९ मीटर आणि मागे ३ मीटर जागा सोडायची, प्लॉट मोठा किंवा घर उंच असेल तर त्याहूनही जास्त. नवं घर आणि ग्रॅनी फ्लॅट यांची परवानगी एकदमच काढता येते. मुलीने थोडा महाग पडला तरी मोठा प्लॉट घेतला होता तो यासाठीच.

नियम वाचून कौतुक वाटलं. आपल्याकडे म्हाताऱ्या आईसाठी गॅलरीला काचा लावतात, तेव्हा कोण मोजतं की तिला वारा किती मिळेल?

पण वाचता वाचता एक वाक्य आलं आणि मी थांबले. दुय्यम घर बांधलेल्या प्लॉटची वाटणी करता येत नाही. पुढचं आणि मागचं अशी दोन घरं, पण मालकीचा कागद एकच. मागचं घर वेगळं विकता येत नाही, वेगळ्या नावावर करता येत नाही. पुढचं घर विकलं की मागचंही त्याच्याबरोबर गेलं. बँकेने पुढच्या घरावर कर्ज दिलं की मागच्या घरावरही तिचा हक्क बसला. म्हणजे माझ्या फ्लॅटच्या पैशातून जे घर उभं राहील, त्याला माझा दरवाजा असेल, माझा ओटा असेल, पण ते कागदावर कधीच माझं असणार नाही.

मग मी उलटं वाचायला लागले. नियमांत काय आहे यापेक्षा काय नाही ते शोधू लागले. तिथे भिंतीची उंची आहे, पागोळ्यांचं पाणी आहे, शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार आहे. नाही ती फक्त आजी. या घरात कोण राहणार, हे सिडनीचा नियम विचारतच नाही. आजीच राहिली पाहिजे असं नाही, भाडेकरूही चालतो. मुळात या राज्याने ही परवानगी २००९ साली सोपी केली ती परवडणाऱ्या भाड्याची घरं वाढावीत म्हणून. नाव आजीचं, धोरण भाड्याचं. त्यात वाईट काही नाही. घरांची टंचाई तिथेही आहे. पण उद्या आजी आजारी पडून रुग्णालयात गेली किंवा दोन महिने गावी गेली, तर रिकाम्या घराकडे घरातल्यांची नजर कशी जाईल हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्नकडे, याच्या उलट होतं. २०२३ पर्यंत तिथल्या नियोजनाच्या नियमांत या घराला 'अवलंबून असलेल्या व्यक्तीचं घर' म्हणत. मुख्य घरातल्या माणसावर जी व्यक्ती अवलंबून आहे, तिच्यासाठीच ते घर. आणि व्याख्येतच होतं की ही इमारत हलवता येणारी असावी. गरज संपली की उचलून नेता आली पाहिजे. मी हे वाचलं आणि एकटीच हसले. बाई अवलंबून आणि तिचं घर चाकांवर! आपल्या मनूने याहून वेगळं काय सांगितलं होतं? २०२३ च्या डिसेंबरात तिथलेही नियम बदलले. आता ६० चौरस मीटरपर्यंतच्या दुसऱ्या छोट्या घराला बहुतेक ठिकाणी नियोजनाची वेगळी परवानगी लागत नाही आणि राहणारा अवलंबून असला पाहिजे अशी अटही नाही. अवलंबून हा शब्द गेला. पण त्याच्या जागी 'हक्कदार' असा शब्द काही आला नाही.

मुलीच्या घराजवळच्या बागेत संध्याकाळी आपल्याकडच्या चारसहा आज्या जमतात. कोणी गुजराथी, कोणी तेलुगू, दोघी मराठी. बाबागाड्या ढकलत बोलणं चालतं. त्यातली एक साताऱ्याकडची. तिने गावाकडचं घर विकून मुलाला पैसे दिले होते, मागचं घर त्यातूनच उठलं. चार वर्षांनी मुलाचा आणि सुनेचा घटस्फोट झाला. घर विकून वाटणी करायची वेळ आली तेव्हा प्रश्न निघाला, आईचे पैसे ही भेट होती की कर्ज? कागद कोणताच नव्हता. ती मला म्हणाली, "मी कर्ज पण दिलं नव्हतं आणि भेट पण दिली नव्हती. मी घर दिलं होतं." आता ती मुलाबरोबर भाड्याच्या घरात हॉलमध्ये झोपते. सुनेबद्दल एक वाईट शब्द तिने काढला नाही. सुनेलाही घर हवं होतंच की. दोन बायकांचा हक्क एकाच छपराखाली होता आणि दोघींपैकी एकीचाच कागदावर होता.

घरी आल्यावर मी पुन्हा शोधाशोध केली, तेव्हा एक गोष्ट कळली. ऑस्ट्रेलियात ग्रॅनी फ्लॅट या शब्दाला दोन अर्थ आहेत. नगररचना खात्यासाठी ती इमारत आहे. पण पेन्शन देणाऱ्या सरकारी यंत्रणेसाठी तो हक्क आहे. म्हाताऱ्या माणसाने आपले पैसे किंवा घर दुसऱ्याला दिलं आणि त्याच्या बदल्यात त्या दुसऱ्याच्या घरात आयुष्यभर राहण्याचा हक्क घेतला, तर त्या हक्काला ते ग्रॅनी फ्लॅटचा हक्क म्हणतात. मग ते मागचं घर असो की पुढच्या घरातली एक खोली. किती माप हे महत्त्वाचं नाही. काय ठरलं हे महत्त्वाचं.

म्हातारपणी घर देऊन आसरा घ्यायचा आणि मग आसराही जायचा, हे तिथे इतकं घडत होतं की २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय कायदा सुधारणा आयोगाने वृद्धांच्या छळावर जो अहवाल दिला, त्यात अशा घरगुती व्यवहारांचा वेगळा विचार केला. लोक लेखी करार का करत नाहीत, याचं एक कारण तर अगदी व्यवहारी निघालं. असा करार केला की घरमालकावर भांडवली नफ्याचा कर बसण्याची भीती होती. म्हणून मुलं म्हणत, कशाला लिहायचं? १ जुलै २०२१ पासून तो कर काढून टाकला. अटी अशा की राहणारी व्यक्ती पेन्शनच्या वयाची, म्हणजे आता ६७ वर्षांची, असावी किंवा अपंगत्वामुळे तिला मदतीची गरज असावी. करार लेखी आणि बंधनकारक असावा. आणि तो धंद्याचा व्यवहार नसावा. सरकारलाही शेवटी मान्य करावं लागलं की प्रेमाला कागदाची गरज असते.

माझ्यासारखीची गोष्ट आणखी अवघड. मी तिथली नागरिक नाही. परदेशी माणसाला तिथल्या घराच्या मालकीत यायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते. आईवडिलांना कायमचं राहता येईल असा जो व्हिसा जरा लवकर मिळतो असं म्हणतात, त्याला माणशी ४० हजार डॉलरहून जास्त लागतात आणि तरीही रांग वर्षानुवर्षांची. तात्पुरता व्हिसा आहे तो तीन किंवा पाच वर्षांचा, आणि सगळे मिळून दहा वर्षांच्या पुढे नाही. म्हणजे घर बांधायचं जन्मभरासाठी आणि राहायचं दहा वर्षं! त्यानंतर मी ७८ वर्षांची होऊन परत येणार, ती कुठे? पुण्यातला फ्लॅट तर विकलेला.

आठवडाभराने मी मुलीला म्हटलं, "पैसे घालायचे तर आपण लिहून ठेवू. मी किती दिले, कुठपर्यंत राहणार, घर विकलंत तर मला काय, मी परत गेले तर काय."

ती भांडी विसळत होती. नळ बंद करून माझ्याकडे वळली. "आई, बाबा गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा तुला काही विचारलं होतं का? तू किती दिवस राहणार, विकलंस तर मला काय, असं?"

हे मनाला लागलं. खरंच होतं ते. नवरा वारल्यावर फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर व्हायला सोसायटीत किती खेटे घातले, ते माझं मला माहीत. मुलगी सुट्टी काढून आली, रजिस्ट्रारच्या कचेरीत उभी राहिली आणि आपला हिस्सा सोडून गेली. मी बराच वेळ गप्प बसले. मग म्हटलं, "नाही विचारलंस. पण तू नुसतं तोंडाने म्हणाली नाहीस, सही केलीस. म्हणून आज मी निवांत झोपते. मी तुझ्याकडे तेच मागते आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती मुलीच्या बोलण्याने नाही. मला माझ्या सासूबाई आठवत होत्या.

१९८६ साली आम्ही पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पैसे कमी पडत होते. सासरे गेल्यावर मिरजेचं घर रिकामं होतं. ते विकलं. सासूबाईंनी दाखवलं तिथे सही केली आणि ट्रंक घेऊन आमच्याकडे आल्या. गॅलरीला काचा लावल्या, तिथे त्यांची कॉट टाकली. अकरा वर्षं त्या तिथे राहिल्या. पावसात काचांच्या फटीतून पाणी यायचं तेव्हा त्या पांघरूण पायांशी दुमडून बसायच्या. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता. आणि मी? मी नव्वदच्या आसपास गावोगाव सभा घेत फिरत होते, घरावर बाईचं नाव पाहिजे म्हणून. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्तीत नवऱ्यांनी बायकांच्या नावाने जमिनी केल्या, त्याची उदाहरणं मी भाषणात द्यायची. रात्री घरी आले की गॅलरीतून दोनदा खोकल्याचा आवाज यायचा, म्हणजे त्या जाग्या आहेत. भांडण झालं की मी म्हणायची, "आमच्या घरात असं चालणार नाही." आमच्या! त्या कधी म्हणाल्या नाहीत की याच्या अर्ध्या भिंती मिरजेहून आल्या आहेत.

घरावर बाईचं नाव हवं असं आपण म्हणत होतो, तेव्हा बाई म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे तिशीतली बायको होती. सत्तरीतली आई, सासू आपल्या मागणीत होती कुठे? घोषणेतून ती सुटली होती. मी तरी सोडली होती.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घराची वाटणी मुलगे करतील तेव्हाच. बाईला ती मागता येत नव्हती. ते २००५ साली गेलं. त्याच वर्षी घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, त्याने एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. तो फक्त सुनेसाठी नाही. आई, सासू, विधवा बहीण यांनाही तो मागता येतो. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. पण २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट असल्याचं दिसलं पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका आईच्या खटल्यात हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने उदारपणे वाचला. उदार न्यायाधीश मिळेल या भरवशावर आपण घर द्यायचं का? की देतानाच एक ओळ लिहून घ्यायची?

आणि एक धोका ध्यानात ठेवायचा. सासूचा कायदा सुनेवर चालवून मुलगे बायकोला घराबाहेर काढायला बघतात. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की ज्येष्ठ नागरिकांचा कायदा पुढे करून सुनेचा राहण्याचा हक्क सरसकट बुडवता येणार नाही. बागेतल्या त्या साताऱ्याच्या बाईंची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे. पुरुषाच्या नावावरच्या घरात दोन बायका, आणि भांडण त्या दोघींत लावलेलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आजीसाठी घर बांधा, जरूर बांधा, सिडनीत बांधा नाहीतर सांगलीत वरचा मजला चढवा. पण नकाशा मंजुरीला जाण्याआधी दुसरा एक कागद तयार करा. आजीने किती दिलं? ती कोणत्या भागात आणि कुठपर्यंत राहणार? घर विकलं, मुलाचा संसार मोडला, मुलगा आधी गेला, तर तिचं काय? आजारपणात तिची खोली भाड्याने जाणार का? आणि ती नातवंडं सांभाळणार आहे, ते गृहीत धरलं आहे की तिला विचारलं आहे? आपल्या मृत्युपत्रांत 'पत्नीस हयातीपर्यंत राहण्याचा हक्क' अशी ओळ असते. नवऱ्यामागे बायकोसाठी ती लिहायला आपण शिकलो. आता आईसाठी, तिच्या डोळ्यांदेखत, तिला वाचून दाखवून लिहायला शिकायचं आहे. केंद्रांवर येणाऱ्या सुनांचे कागद आपण तपासतो, तसे तिच्याबरोबर सोबतीला आलेल्या म्हातारीलाही विचारू या: बाई, तुमचं घर विकलं का? पैसे कुठे गेले?

मी पुण्याला परतले. फ्लॅट विकलेला नाही. दोनेक महिन्यांनी मुलीचा फोन आला. "आई, आम्ही वकिलाकडे जाऊन आलो. तिने पहिलाच प्रश्न काय विचारला माहितेय? म्हणाली, तुझ्या आईचा वकील वेगळा आहे ना?" मग दोघीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. पुढचं घर त्यांच्या कर्जात बसेल तेवढं बांधायला घेतलं आहे. मागची जागा नकाशात मोकळी सोडली आहे, ३ मीटरचा हिशेब धरून. तिथे काय करायचं ते आम्ही तिघं मिळून ठरवू, आणि लिहून ठेवू.

सासूबाईंच्या मिरजेच्या घराचा मात्र कुठेच कागद नाही. तो या पानावर असू दे.